दाजींचा बुधवार

लिफ्टच्या कंपनीत दाजींबद्दल म्हणतात, की बंद पडलेली लिफ्ट बाकीच्यांना दिसते, यांना ऐकू येते. इमारतीत शिरले की दाजी जिन्यानं वर जाणार आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावणार. तिसऱ्या मजल्यापर्यंत दुखणं कळलेलं असतं. 'रोलर झिजलाय' म्हणतात, किंवा 'ब्रेक चिकटतोय', आणि मग खाली घड्याळ बघत उभ्या असलेल्या मंडळींना सांगतात, "पाच मिनिटं द्या, रुसलीये ती." माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, हे ऐकून म्हणायची, "माझं रुसणं कळायला यांना पाच वर्षं लागली."

सत्तावीस वर्षं हेच काम. अंगाला ग्रीसचा वास, बोटांच्या पेरांत कधीच न निघणारा काळा रंग, आणि तोंडात सतत काहीतरी थट्टा. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान, तरी मला 'अहो मेव्हणीबाई' म्हणतात. लहानपणी मला त्याचा राग यायचा, मोठी झाल्यावर सवय झाली, आणि आता ते तसं म्हणाले नाहीत तर मला धसका बसतो.

माझ्याबद्दलही सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझाच हात आहे. मी मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, एकोणीस वर्षं. नाकावर राग आहे, गिऱ्हाईकंही मला टरकून असतात. गावातला प्रत्येक डॉक्टर मी त्याच्या चिठ्ठीवरून ओळखते. दोन ओळींची चिठ्ठी लिहिणारा ऐकून घेतो, सात ओळींची लिहिणारा घड्याळ बघतो, हे माझं शास्त्र. कोणाकडे जावं हे लोक मला विचारतात आणि मी छातीठोक सांगते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

त्या दिवशी दाजी एका विमा कंपनीच्या अकरा मजली इमारतीत गेले होते. काम साधं होतं, महिन्याची तपासणी. लिफ्टची तपासणी करणारा माणूस केबिनच्या आत नसतो, तिच्या टपावर उभा असतो. टपावर एक छोटा डबा असतो, त्यातली बटणं दाबून केबिन सावकाश वर-खाली न्यायची आणि आजूबाजूचे रूळ, दोर, कुलपं बघायची. दाजींचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत होता. सहाव्या-सातव्या मजल्याच्या मध्ये केबिन थांबली. जोडीदारानं हाक मारली. खालून आवाज आला, "आलो, आलो." दहा मिनिटांनी पुन्हा हाक, पुन्हा "आलो, आलो." असं अडीच तास चाललं. शेवटी जोडीदार सातव्या मजल्याचं दार किल्लीनं उघडून बघतो, तर दाजी टपावर मांडी घालून, हातात बॅटरी, ती पण बंद, असे अंधारात बसलेले.

"काय झालं?"

"काही नाही रे. कसंतरीच होतंय."

घाम नाही, छातीत कळ नाही, चक्कर नाही. धरून बाहेर घेतलं तर सरळ चालत आले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही, पण लिफ्टच्या टपावर अडीच तास बसणाऱ्या माणसाला पुन्हा टपावर कोण चढवेल? त्यांनी सांगितलं, मनाच्या डॉक्टरांचा फिट असल्याचा कागद आणा, दोन महिने देतो, तोपर्यंत ऑफिसात तक्रारीचे फोन घ्या. दोन महिन्यांत कागद आला नाही, तर मग हिशेब करू. म्हणजे घरी बसा.

ही झाली नोकरीची गोष्ट. खरी गोष्ट ताईनं मला त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितली. तिचे हात कणकेनं भरलेले होते आणि ती ते धुवायचंच विसरली होती.

"हे मला म्हणाले, वर बसलो की खाली यावंसंच वाटत नाही. आणि बाजूनं खाली बघितलं की बरं वाटतं. असं म्हणाले गं."

मी म्हटलं, "थट्टा करत असतील."

"नाही. 'अगं' म्हणाले मला. नावानं हाक नाही, चिडवणं नाही, काही नाही."

मी डॉक्टर शोधायला लागले. मला काय, हातचा मळ वाटला. सगळे डॉक्टर माझ्या काउंटरवरून जातात.

पहिले गेलो ते घरच्या डॉक्टरांकडे, कारण कोणाचं नाव सुचवायचं तर त्यांनीच. दाजींनी सांगितलं, "कसंतरीच होतंय." आता आपल्याकडे कसंतरी होतं ते पोटात. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, सोनोग्राफी लिहून दिली. दाजी भिडस्त माणूस. डॉक्टरांना काय वाटेल म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली, उपाशीपोटी रक्त दिलं, जेवणाआधीच्या गोळ्या घेतल्या, आणि दहा दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून म्हटलं, "पोट अगदी विशीतल्या माणसाचं आहे!" दाजी म्हणाले, "बाकीचं कुठे राहिलं कोण जाणे." डॉक्टर खूप हसले. दोन महिन्यांतले दहा दिवस पोटात गेले.

मग काचेच्या इमारतीतले मनाचे मोठे डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलातही तेच बसतात, आत जायला दोन तास आणि आत असायला चार मिनिटं. तेही म्हणाले, "कसंतरी म्हणजे नक्की कसं?" दाजी विचार करायला लागले. दाजी विचार करतात तेव्हा वेळ लागतो, कारण खोटं सांगायचं नसतं. तेवढ्यात डॉक्टरांनी कोणी वारलं का, कर्ज आहे का, घरी भांडण आहे का, दारू पिता का, असं धडाधड विचारलं. सगळ्याला नाही. मग ते चिठ्ठी लिहायला लागले. सात ओळी. मी ती दुकानात नेऊन उलटीसुलटी बघितली आणि ताईला म्हटलं, हा माणूस नको. औषधं वाईट नव्हती, तीच औषधं मी रोज पन्नास जणांना देते आणि त्यातले कितीतरी त्यावर उभे राहिले आहेत. पण माझं शास्त्र म्हणालं सात ओळी, म्हणून मी ती चिठ्ठी फडताळात ठेवून दिली. दाजींनी विचारलंसुद्धा नाही.

आणि डॉक्टरांसारखं मला पण या दुखण्याचं कारणच हवं होतं. एकदा मीच त्यांना धरलं. म्हटलं, "दाजी, मला तरी सांगा. काय झालंय?"

"काही झालं नाही हो, मेव्हणीबाई. तेच तर."

"असं कसं? काहीतरी असेलच ना!"

"असतं तर दुरुस्त केलं नसतं का?"

मला इतका राग आला! माणसाला दुःख व्हायचं तर त्याला काही बूड नको का? माझा नवरा गेला, तेव्हा मी सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपायचे, पण मला कोणी विचारलं तर सांगता तरी यायचं. या माणसाची बायको गुणाची, मुलगी नोकरीला लागून परगावी मजेत, घर स्वतःचं. आणि हा तक्रारीचे फोन घेता घेता मध्येच रिसीव्हर कानाला लावून गप्प बसतो आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहतो. सुख टोचतं म्हणतात तसंच काही असेल, असं मी मनात म्हटलं. हे मी लिहितेय, कारण मी तसं म्हटलं होतं.

एका गिऱ्हाईक बाईंनी काउन्सेलरचं नाव दिलं. चौथ्या मजल्यावर खोली, कोपऱ्यात माशांची टाकी, भिंतीवर समुद्राचं चित्र. काउन्सेलर मुलगी हुशार होती, आवाज गोड. ती म्हणाली, "आज तुम्हाला जे वाटतंय त्याला एक ते दहामध्ये किती मार्क द्याल?"

दाजी म्हणाले, "रिकामी असताना की भरलेली असताना?"

ती हसली नाही, वहीत काहीतरी लिहिलं. मग डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला सांगितला. दाजींनी प्रामाणिकपणे बघितला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "समुद्र दिसला, पण पायाखाली काही नव्हतं."

दुसऱ्या वेळी गेलो तर त्या इमारतीची लिफ्टच बंद. आम्ही जिन्यानं चढलो. काउन्सेलर बाई धापा टाकत आमच्या मागून आल्या आणि माफी मागायला लागल्या, आठवडाभर बंद आहे, कोणी दाद देत नाही वगैरे. दाजींनी दाराला कान लावला. मग म्हणाले, "पाच मिनिटं द्या." त्यांचा तासभराचा वेळ ते मशीनच्या खोलीत होते, टपावर नाही, तिथे मी जाऊ दिलं नाही. लिफ्ट सुरू झाली. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. दाजी काळे हात पुसत माझ्यापाशी आले, चेहरा उजळलेला, आणि म्हणाले, "पहिल्यांदाच कोणाकडे जाऊन बरं वाटलं, मेव्हणीबाई." मी हसले. घरी येऊन ताईला रंगवून सांगितलं, तीही हसली. आणि हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला, कारण दोन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते आणि आतलं कोणीच अजून ऐकलं नव्हतं. तिथे पुन्हा जायला दाजी तयार झाले नाहीत. म्हणाले, "आता ती लिफ्ट चालू आहे. मी काय करू तिथे जाऊन?"

मोबाइलवर व्हिडिओ लावून सल्ला देणारे एक साहेबही करून झाले. दाजींचा अर्धा वेळ साहेबांचा चेहरा का अडकतो, ते शोधण्यात गेला.

मला घाम फुटायला लागला होता. कारण माझं शास्त्र इथे चालेना. जे बोलून बरं करतात ते चिठ्ठीच लिहीत नाहीत, मग त्यांना ओळखायचं कशावरून? दारावरच्या पाट्या सारख्याच. पदव्या सारख्याच. चप्पल घेताना माणूस चार घालून बघतो, टोचली की काढतो. इथे प्रत्येक वेळी दाजींना पहिल्यापासून सांगावं लागायचं आणि प्रत्येक वेळी ते थोडं कमी सांगायचे. चौथ्या वेळेपर्यंत ते नुसतं 'बरं आहे' म्हणायला लागले. बरं आहे म्हणणाऱ्या माणसाला कोण डॉक्टर काय विचारणार?

आणि मग सापडल्या. शोधून नाही, नशिबानं. धर्मादाय दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक मनाच्या डॉक्टर बाई बसतात, बुधवार आणि गुरुवार. यादी चार-पाच महिन्यांची. पण तिथली नोंदणीवाली माझ्याकडून आईची औषधं नेते. ती एकदा म्हणाली, "एका पेशंटची बदली झाली, बुधवारचा चार वाजताचा नंबर रिकामा झालाय. लगेच आणत असलात तर नाव घालते. पण सुटला तर गेला बरं का, पुन्हा रांगेच्या शेवटी."

मी दाजींना हाताला धरून नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारा पंखा, दारावर पडदा. पडद्याआड बाई. साठीच्या, जाड्या, सर्दी झालेली, टेबलावर रुमालांची घडी. मी दारापाशीच होते, म्हणून सुरुवातीचं मला ऐकू आलं.

दाजी म्हणाले, "कसंतरीच होतं."

मला वाटलं आता विचारणार, कसं म्हणजे कसं. बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "होतं तेव्हा कुठे बसता?"

 मग दाजींचा आवाज, हळू, "टपावर." आणि नोंदणीवालीनं मला बाहेर बसायला सांगितलं.

पाऊण तासानं दाजी बाहेर आले. रडलेले होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, ताईच्या ऑपरेशनलासुद्धा नाही. मी काही विचारलं नाही, कधी नाही ते शहाणपण सुचलं. जिन्यावर ते म्हणाले, "बाई कानानं काम करतात." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी नाही.

तीन बुधवार झाले. दाजी बरे झाले असं नाही. उलट घरी जास्त गप्प, एकदा जेवता जेवता उठून गेले. पण मंगळवारी शर्टाला इस्त्री करायला लागले. ताईला एकदा म्हणाले, "तुझं रुसणं ऐकू यायला लागलंय." ताईनं मला फोन करून हे सांगितलं आणि आम्ही दोघी फोनवर नुसत्या हुंदके देत राहिलो. त्या आठवड्यात मला वाटलं की सुटलो.

मुदतीला आठ दिवस राहिले. दाजींनी बाईंकडे कागद मागितला. बाई म्हणाल्या, अजून नाही.

मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. गुरुवारी दुकान टाकून दवाखान्यात गेले, दोन पेशंटच्या मध्ये पडदा सारून आत घुसले. म्हटलं, "बाई, एक सही. तुमचं काय जातं? त्यांची सत्तावीस वर्षांची नोकरी जाईल."

"बसा," बाई म्हणाल्या. "ते माझ्याशी काय बोलतात ते मी सांगणार नाही. त्यांनी तुम्हाला सांगायला हरकत नाही म्हटलंय तेवढंच सांगते. त्यांना आत्ता टपावर पाठवायचं नाही. चार-सहा महिने लागतील. खालचं काम करू शकतील, तसं मी लिहून देते."

"खालचं काम म्हणजे तक्रारीचे फोन! ते करून माणूस मरेल. त्यांना काम हवंय."

"त्यांना टप हवाय," बाई म्हणाल्या. "कामासाठी वर जाणारा माणूस काम झाल्यावर खाली येतो."

मला हे कळलं नाही असं नाही. कळलं, म्हणूनच मी भडकले. म्हटलं, "तुम्हाला काय! तुमची खुर्ची शाबूत आहे. गप्प बसून दुसऱ्याचं ऐकायचं यात कसलं आलंय डॉक्टरकीचं काम?" आणखीही बोलले. बाईंनी ऐकून घेतलं, सगळं. शेवटी म्हणाल्या, "बुधवारी त्यांना पाठवा. नोकरी गेली तरी पाठवा."

मी दुकानात परत आले ती तणतणत. आणि मला काचेच्या इमारतीतले डॉक्टर आठवले. त्यांच्या चिठ्ठ्या रोज चाळीस येतात आमच्याकडे, त्यांचा माणूस मला ताई म्हणतो. दाजींचा जुना केसपेपर तिथे होताच. मी फोन केला, सांगितलं की औषधं घेतली, एकदम फरक पडला, कामावर जायचंय. एवढं खोटं मी सरळ आवाजात बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद तयार. तपासले, प्रकृती स्थिर, कामावर रुजू होण्यास योग्य. खाली ती घाईची सही, जी मी डोळे मिटूनही ओळखेन.

दाजींना तो कागद मीच नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"मेव्हणीबाई, मी फिट आहे?"

"लिहिलंय ना त्यात."

"तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "दाजी, नोकरी वाचली ती बघा आधी!" त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला. हसलेही. म्हणाले, "बरं."  ताईनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत उपकार होते की भीती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. बुधवारी दाजींची पाळी संध्याकाळपर्यंत असायची, चारला जमणार नव्हतं. बाईंनी पुन्हा काही खुसपट काढू नये, असंही होतंच मनात. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, "बुधवारचं नाव काढून टाका. आता गरज नाही. बरे झालेत ते." नोंदणीवाली म्हणाली, "अरे वा! छान." तिला खरंच आनंद झाला होता.

दाजी कामावर जायला लागले. पहिले दोन आठवडे बरे गेले. मला फोन करून थट्टा करायचे. मी चार लोकांना सांगितलं, बघा, माणसाला काम हेच औषध. नंतर फोन कमी झाले. शर्टाची इस्त्री बंद झाली. ताई म्हणाली, झोप नाही, आणि 'अगं' पुन्हा सुरू झालंय. मी म्हटलं, दमत असतील.

काल सोमवारी, अकराच्या सुमाराला, मी काउंटरवर होते. पुढे तीन गिऱ्हाइकं. मोबाइल वाजला. दाजी.

"मेव्हणीबाई, एक विचारायचं होतं." आवाज घुमत होता, मागे दोर घासल्यासारखं काहीतरी. "त्या बाईंचा बुधवार मोकळा असेल का हो?"

"दाजी, कुठे आहात तुम्ही?"

"टपावर. वर आहे, नवव्याच्या जरा वर."

"कोण आहे बरोबर?"

"आहे की जोडीदार, मशीनपाशी. हाका मारतोय तो." आणि मग अगदी साधेपणानं, "मला वाटलं, उतरायच्या आधी विचारावं."

 मी म्हटलं, "थांबा, हलू नका, आत्ता विचारते." मोबाइल एका कानाला तसाच धरला आणि दुकानाच्या फोनवरून दवाखाना लावला. गिऱ्हाइकं बघत होती. नोंदणीवालीनं नाव विचारलं, वही चाळली.

"यांची फाइल बंद झालीये. तुम्हीच फोन केला होता ना, बरे झालेत म्हणून?"

"हो. पण आता पुन्हा हवंय. या बुधवारी. तातडीचं आहे."

"बुधवारचा चारचा नंबर भरला हो त्याच दिवशी. आता नाव घातलं तर चार महिने. बाई थेट बुधवारीच येतील, त्यांचा नंबर द्यायला परवानगी नाही आम्हाला. इतकी तातडी असेल तर मोठ्या हॉस्पिटलात न्या, तिथे मनाचे डॉक्टर असतात."

तिथे कोण बसतं ते मला माहीत होतं. आणि दाजी कसे आहेत हे त्यांनीच सही करून लिहून दिलेलं होतं.

मी फोन ठेवला. दुसऱ्या कानात दाजी वाट बघत होते. श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "आहे मोकळा. बुधवारी चार वाजता. बोलावलंय त्यांनी."

"खरंच?"

"खरंच. उतरा आता. मी फोन ठेवत नाही, तुम्ही उतरा."

"बरं," दाजी म्हणाले. "उतरतो मग." खटका दाबल्याचा आवाज आला, मोटार सुरू झाली. मी काउंटरला धरून ऐकत राहिले, ती केबिन सावकाश एकेक मजला खाली येत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कानानं केलं. दार सरकलं. जोडीदाराचा आवाज आला, शिव्या घालत होता बिचारा. मग फोन बंद झाला.

मी त्यांना लगेच पुन्हा लावून म्हटलं, दोन दिवस रजा घ्या. "कामं साचलीत हो," म्हणाले. आज मंगळवार, आजही ते वर गेले होते. साहेबांना सांगायचं तर तो कागद खोटा आहे हे सांगावं लागेल. ताईला सांगायचं तर बुधवार खोटा आहे हे सांगावं लागेल. संध्याकाळी दुकानातून लवकर निघून दवाखान्यात गेले, वरच्या मजल्याला कुलूप होतं. उद्या सकाळपासून जाऊन दारात बसेन, बाईंचे पाय धरीन, मागच्या वेळी जे बोलले ते सगळं गिळीन. त्या ऐकतील कदाचित. पण चारला ज्याचा नंबर आहे त्यालाही कसंतरी होत असेल, आणि तो पाच महिने थांबून आलेला असेल, त्याला उठवून त्या दाजींना का बसवतील?

आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. आवाज किती दिवसांनी हलका होता. म्हणाली, यांनी उद्याची अर्धी रजा टाकली आहे, आणि स्वतः शर्टाला इस्त्री करत बसलेत.